ऐकणाऱ्याची जागा

घरासाठी रिसिव्हर घ्यावयास दुकानात गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : सिनेमासाठी हवा की गाण्यांसाठी? आम्हांलाही तो विचारला गेला, आणि आम्ही गोंधळलो. एकच कान, एकच खोली, ऐकणारी माणसेही तीच. मग चित्रपटाचा आवाज आणि गाण्याचा आवाज यांची ही फाळणी झाली कधी, आणि केली कुणी? दुकानदाराला याचे उत्तर ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ते शोधू जाता आम्ही जवळजवळ शंभर वर्षे मागे गेलो. प्रस्तुत टिपण त्या शोधाचे आहे.

आधी आमची अडचण सांगतो. आमच्या घरी ऐकणारी पिढी दोन प्रकारची आहे. आम्ही गाण्याचे, तेही बहुतांश जुन्या तबकड्यांवरून पुढे सीडीवर उतरलेल्या गाण्याचे. आईला चित्रपट आवडतात. तिचे वय ऐंशीच्या पुढे आहे, कान पूर्वीचे राहिले नाहीत, आणि तिची तक्रार एकच असते : ‘गाणी कानठळ्या बसवतात आणि माणसं काय बोलतात ते कळत नाही.’ ती बसते खोलीच्या डाव्या भिंतीलगत, कारण तिथून स्वयंपाकघर जवळ पडते. मधली खुर्ची आमची. ही बसण्याची व्यवस्था कुणी ठरवून केलेली नव्हती. परंतु तिच्यातच सगळा प्रश्न दडलेला होता, हे आम्हांला फार उशिरा कळले.

‘रिसिव्हर’ या नावापासूनच आरंभ करू. रिसिव्हर म्हणजे ग्रहण करणारा. हा शब्द रेडिओच्या जगातला. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, तेव्हापासून हवेतून येणारा आवाज घरात ग्रहण करणारे यंत्र आपल्याकडे रुळू लागले. ते ठेवण्यासाठी टपाल खात्याचा परवाना काढावा लागे. पुढे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत बसवला गेला, तरी त्या पेटीचे नाव रिसिव्हरच राहिले. आज अनेक घरांत या यंत्रावरचा रेडिओ कुणी लावीतही नाही. शब्दाचा मूळ अर्थ गळून जावा आणि शब्द मात्र टिकावा, याची उदाहरणे भाषेच्या अभ्यासकांना नवी नाहीत.

त्या पहिल्या काळातला आवाज एका मुखाचा होता. फ्रेड गेझबर्गने १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहर जानचे गाणे ध्वनिमुद्रित केले ते कर्ण्यात तोंड घालून. आणि ऐकणाऱ्यानेही ते ऐकले दुसऱ्या कर्ण्यातून. रेडिओचेही तसेच. १ एप्रिल १९५५पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ प्रसारित झाले, तेव्हा घरोघरी रेडिओला हार घातले जात, उदबत्ती लावली जाई, अशा आठवणी आपण सर्वांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. त्या श्रोत्यांपैकी कुणी सतरंजीवर बसले असेल, कुणी दारात उभे असेल, कुणी पोळ्या लाटत असेल. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांचा स्वर सर्वांना एकाच ठिकाणाहून, त्या पेटीतून, ऐकू येत होता. आवाजाला जागा होती; ऐकणाऱ्याला ठराविक जागा नव्हती. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

१९३१ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. १४ मार्च रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ लागला आणि हिंदुस्थानी चित्रपट बोलू लागला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लंडनमध्ये ॲलन ब्लमलाइन या इएमआयच्या तरुण अभियंत्याने एका पेटंटसाठी अर्ज केला. हकिकत अशी सांगितली जाते की, पत्नीबरोबर बोलपट पाहताना त्याला एक गोष्ट खटकली : नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडून. माणूस जिथे दिसतो तिथूनच त्याचा आवाज यावा, यासाठी त्याने दोन मायक्रोफोन, दोन ध्वनिवर्धक आणि तबकडीच्या एकाच खाचेत दोन आवाज कोरण्याची रीत सुचविली. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याची जवळजवळ सगळी मांडणी त्या एका दस्तऐवजात आहे. स्वतः ब्लमलाइन १९४२ साली रडारच्या चाचणीच्या वेळी विमान कोसळून, वयाच्या अडतिसाव्या वर्षी वारला. आपली कल्पना घराघरांत पोहोचलेली त्याने पाहिली नाही.

येथे थांबून पाहण्यासारखी गोष्ट ही की, संगीतरसिक ज्या दोन ध्वनिवर्धकांना आज शुद्ध संगीताचे सोवळे समजतात, ती कल्पना या हकिकतीप्रमाणे चित्रपटगृहात, नटाच्या बोलण्यावरून सुचलेली होती. आणि याच्या उलटही खरे. दोनांपेक्षा अधिक ध्वनिवर्धक हवेत, हे पहिल्यांदा ठामपणे दाखवून दिले ते संगीताच्या कार्यक्रमाने. २७ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदाचे वादन तीन स्वतंत्र तारांवरून वॉशिंग्टनला पाठविले. वाद्यवृंद फिलाडेल्फियात वाजत होता. त्याचा प्रमुख संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की मात्र वॉशिंग्टनच्या सभागृहात बटणांपाशी बसून तिन्ही आवाजांचा तोल सांभाळीत होता. तीनच का? हार्वी फ्लेचर व त्याच्या सहकाऱ्यांचा विचार असा : खरे तर रंगमंचाच्या रुंदीइतका मायक्रोफोनांचा पडदाच हवा, ते अशक्य, म्हणून निदान तीन. दोन ध्वनिवर्धकांमधून मध्यभागी जो आवाज भासतो तो केवळ मध्यावर बसलेल्यासाठी असतो. सभागृह हजारो माणसांचे असते, आणि मध्यावर फार थोडी माणसे बसू शकतात.

म्हणजे संगीत म्हणत होते तीन, आणि चित्रपटाच्या अनुभवातून निघाले होते दोन. मग आजची वाटणी नेमकी उलटी कशी झाली? याचे उत्तर सौंदर्यशास्त्रात नाही, तबकडीच्या खाचेत आहे.

खाचेला दोन भिंती असतात. सुई त्या दोहोंना एकाच वेळी टेकलेली असते. पंचेचाळीस अंशांत तिरकी असलेली प्रत्येक भिंत एकेक आवाज वाहू शकते. ब्लमलाइनने हे १९३१ सालीच लिहून ठेवले होते, उद्योगाने ते १९५७-५८मध्ये स्वीकारले. तिसरी भिंत नव्हती, म्हणून तिसरा आवाज नव्हता. घरातल्या संगीताचा आकडा दोनवर ठरला तो असा. पुढे १९८२ साली सीडी आली. तिला खाचही नव्हती आणि भिंतीही नव्हत्या. तरी तिने दोनाचाच आकडा चालविला. एखादा छंद मूळ गाण्याच्या चालीमुळे घडावा, चाल विसरली जावी आणि पुढचे कवी तो छंद म्हणजेच कविता असे मानून लिहीत राहावेत, तशातला हा प्रकार आहे.

दोनाच्या या आकड्याचा एक सामाजिक परिणाम झाला, त्याकडे फारसे कुणी लक्ष दिलेले नाही. दोन ध्वनिवर्धक आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण झाला तरच गायक मध्यभागी उभा राहतो. डावीकडे सरकलात, की तोही जवळच्या डाव्या ध्वनिवर्धकात येऊन बसतो. म्हणजे स्टिरिओने आवाजाला अवकाश दिला, पण घरातल्या ऐकण्याला एक खुर्ची नेमून दिली. त्या खुर्चीत कोण बसणार, हे घरातली सत्ता ठरवू लागली. रेडिओभोवतीचे कुटुंब ही सभा होती. स्टिरिओसमोरचा माणूस हा एकटा रसिक झाला. आमच्या घरात तो एकटा रसिक आम्ही होतो.

चित्रपटाला ही चैन परवडणारी नव्हती, कारण त्याला शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्याच्या तिकिटाचेही पैसे घ्यायचे असतात. अमेरिकेत दूरचित्रवाणीने प्रेक्षक घरी बसविले, तेव्हा त्यांना बाहेर काढण्यासाठी चित्रपटाने रुंदी आणि आवाज ही शस्त्रे उपसली. १९५३च्या ‘द रोब’ या पहिल्या सिनेमास्कोप चित्रपटात फिल्मवर चार चुंबकीय ट्रॅक होते : डावा, मधला, उजवा आणि प्रेक्षकांच्या भोवतीचा. त्यांतला मधला महत्त्वाचा. पुढे संवाद बहुधा त्याच्यातून येई. त्यामुळे कोपऱ्यातल्या प्रेक्षकालाही नायक पडद्यावरूनच बोलताना ऐकू येई. आपल्याकडे या वैभवाची सर्वांत गाजलेली आठवण १९७५च्या ‘शोले’ची : मुंबईच्या मिनर्व्हात ७० मिलिमीटरचा पडदा आणि स्टिरिओफोनिक ध्वनी. पण चुंबकीय ट्रॅकच्या प्रती महाग पडत, लवकर झिजत. साध्या गावातल्या साध्या चित्रपटगृहाला ते झेपणारे नव्हते.

ही कोंडी फुटली ती एका अयशस्वी प्रयोगाच्या अवशेषांतून. १९७०च्या दशकाच्या आरंभी तबकडीवाल्यांनी घरात चार ध्वनिवर्धक आणू पाहिले. एसक्यू, क्यूएस, सीडी-४ अशा एकमेकींशी न जुळणाऱ्या पद्धती बाजारात आल्या, गिऱ्हाइके भांबावली, आणि दशक संपण्याआधीच तो खेळ आटोपला. त्यांतल्या पहिल्या दोन पद्धतींची युक्ती मात्र विलक्षण होती : चार आवाज दोन ट्रॅकमध्ये असे मिसळायचे की साध्या यंत्राला ते दोनच वाटावेत, आणि जाणत्या यंत्राला त्यांतून चार उकलता यावेत. साहित्याच्या विद्यार्थ्याला याचे नाव सांगायला नको. हा श्लेष आहे. शब्द तेच, वरवर वाचणाऱ्याला एक अर्थ, मर्मज्ञाला दोन.

रे डॉल्बीच्या कंपनीने हा श्लेष १९७०च्या दशकाच्या मध्यावर चित्रपटाच्या साध्या ३५ मिलिमीटर फिल्मवरील दोन प्रकाशीय ट्रॅकवर आणला. दोन्ही ट्रॅकमध्ये सारखाच असलेला आवाज मध्यभागी पाठवायचा. दोहोंत एकमेकांच्या नेमका उलट असलेला आवाज प्रेक्षकांच्या भोवती. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’ने त्याचा जगभर डंका वाजविला. आणि गंमत अशी की, चित्रपटाच्या व्हिडिओ कॅसेटवर तेच दोन ट्रॅक जसेच्या तसे उतरत. त्यामुळे श्लेषही न सांगता घरात आला. तो उकलणारी यंत्रे १९८२पासून मिळू लागली. १९८७ साली आलेल्या प्रो लॉजिकने मधला ध्वनिवर्धकही घरात बसविला. गाण्याचा रिसिव्हर आणि सिनेमाचा रिसिव्हर यांचे रस्ते फुटले ते येथे.

जाता जाता एका शब्दाची गोष्ट. महाराष्ट्रात ‘डॉल्बी’ म्हणजे मिरवणुकीतल्या ध्वनिवर्धकांच्या भिंती. गणेशोत्सव जवळ आला की ‘डॉल्बीबंदी’च्या बातम्या येतात. ज्याच्या आडनावाचे आपण हे केले, तो रे डॉल्बी १९६३ ते १९६५ युनेस्कोचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होता. परतल्यावर १९६५ साली त्याने लंडनमध्ये जी कंपनी काढली, तिचे पहिले काम होते ध्वनिफितीतली सरसर कमी करण्याचे, म्हणजे शांतता स्वच्छ करण्याचे. शांततेसाठी धडपडलेल्या माणसाचे नाव आपल्या भाषेत गोंगाटाचे सामान्यनाम होऊन बसले. अर्थविपर्यासाचे याहून बोलके उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाही.

पुढचा इतिहास वेगाने सांगता येईल. डिजिटल ध्वनी आला आणि श्लेषाची गरज संपली. प्रत्येक आवाजाला स्वतःचा ट्रॅक मिळाला. १९९२च्या ‘बॅटमन रिटर्न्स’ने डॉल्बी डिजिटल आणले, १९९३च्या ‘ज्युरासिक पार्क’ने डीटीएस. पाच पूर्ण ध्वनिवर्धक आणि खर्जापुरता एक, यालाच ५.१ म्हणावयाचे. १९९६-९७मध्ये आलेल्या डीव्हीडीबरोबर ते घरोघरी पोहोचू लागले. २००६च्या ब्ल्यू-रेमुळे ते आवाजात काटछाट न करता ऐकता येऊ लागले. २०१२ साली चित्रपटगृहात आणि २०१४ साली घरात ॲटमॉस आले, आणि आवाज छतावरही जाऊन बसला. संगीतानेही १९९९-२०००च्या सुमारास एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओच्या रूपाने दोनाची चौकट मोडून पाहिली. पण मधल्या खुर्चीला ती फारशी मानवली नाही.

आता दुकानाकडे परत येऊ. या इतिहासाचा यंत्र निवडताना काही उपयोग होतो काय? आमच्या मते होतो, आणि तो तीन ठिकाणी.

पहिले, वॅटच्या आकड्यांविषयी. एके काळी आपल्या बाजारात टेपरेकॉर्डरच्या खोक्यावर ‘पीएमपीओ’ म्हणून हजार-हजार वॅट छापलेले असत. बटाट्याएवढ्या ध्वनिवर्धकातून ते कुठून निघतात, हे कुणी विचारीत नसे. अमेरिकेत अशाच फुगवट्याला आळा घालण्यासाठी तेथील व्यापार आयोगाला १९७४ साली नियम करावा लागला होता. आजही ‘प्रत्येक वाहिनीला शंभर वॅट’ हे अनेकदा दोनच वाहिन्या चालू ठेवून मोजलेले असतात. सातही एकदम चालल्या तर तो आकडा उतरतो. शिवाय वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही : ५०चे १०० केले तर वाढ अवघ्या ३ डेसिबलची, जेमतेम जाणवणारी. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दसपट वॅट लागतात. म्हणून साध्या दिवाणखान्यात जरा अधिक संवेदनशील ध्वनिवर्धक घेणे हे मोठा रिसिव्हर घेण्यापेक्षा शहाणपणाचे.

दुसरे, वाहिन्यांच्या संख्येविषयी. सात, नऊ, अकरा हे आकडे मोहात पाडतात. पण १९३३चा धडा असा की, दोनानंतरची सर्वांत मोठी भर मधल्या एकाने पडते. पुढची प्रत्येक भर आधीच्यापेक्षा लहान. तेव्हा त्याच पैशांत अकरा साधारण ध्वनिवर्धक घेण्यापेक्षा पुढचे तीन चांगले घ्यावेत.

तिसरे, आणि येथेच आमचा गर्व उतरला, ते पाठशुद्धीविषयी. आमची भूमिका अशी होती की, कृती जशी निर्माण झाली तशीच ऐकावी. चित्रपट पाच मुखांचा असेल तर पाचांतून, स्टिरिओ दोहोंतून. त्यात यंत्राने स्वतःचे काही घालू नये. दोन वाहिन्यांच्या गाण्यावर श्लेष उकलणारे यंत्र लावणे म्हणजे सरळ ओवीत ओढूनताणून गूढार्थ काढणाऱ्या टीकाकाराला मोकळे सोडणे. कवीने न घातलेला अर्थ तो शोधून काढतोच. म्हणून यंत्राची ढवळाढवळ बंद करणारे ‘डायरेक्ट’चे बटण असलेला रिसिव्हर आम्ही आग्रहाने घेतला, आणि पहिल्याच संध्याकाळी जुन्या नाट्यगीतांची सीडी त्या बटणावर लावून मधल्या खुर्चीत बसलो. गायक समोर उभा राहिला. आम्ही प्रसन्न झालो.

आई डाव्या भिंतीपाशी होती. ती म्हणाली, ‘हे माझ्या कानाशीच येऊन का गातायत? पूर्वी समोरून यायचं.’

आम्ही उठून तिच्या जागी जाऊन बसलो. तिचे म्हणणे खरे होते. तिथून उजवा ध्वनिवर्धक जणू नव्हताच. सगळे गाणे डावीकडच्या पेटीतून, उशाशी बसल्यासारखे येत होते. मग ज्याला आम्ही अति-टीकाकार म्हणत होतो ते सिनेमाचे बटण नाइलाजाने दाबून पाहिले. त्या यंत्राचा नियम वर सांगितलाच आहे : दोन्ही ट्रॅकमध्ये सारखे असेल ते मध्यभागी पाठवावे. तबकड्यांच्या काळातले ते ध्वनिमुद्रण मुळात एकाच मुखाचे. सीडीच्या दोन्ही ट्रॅकवर तेच ते होते. तेव्हा सगळे गाणे मधल्या ध्वनिवर्धकात गोळा झाले आणि बाकीचे मुके झाले. कर्ण्यातून यावे, रेडिओच्या पेटीतून यावे, तसे ते एका ठिकाणाहून येऊ लागले. ते आईच्या जागेवरूनही समोरून येत होते, आमच्या जागेवरूनही, आणि स्वयंपाकघराच्या दारातूनही.

आम्ही ज्याला मूळ पाठ म्हणत होतो तो मूळ पाठ नव्हता. १९५८नंतरच्या दोन पेट्यांनी केलेले ते संपादन होते, आणि त्याचा लाभ एकाच खुर्चीला मिळत होता. चित्रपटासाठी घडविलेल्या यंत्राने त्या गाण्याला त्याचे मूळ मुख परत दिले. याचा अर्थ ते बटण नेहमी दाबावे असा मात्र नाही. खऱ्याखुऱ्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणावर ते अजूनही ओढूनताणून अर्थ काढते, आणि तेथे आम्ही ‘डायरेक्ट’च वापरतो. प्रत्येक कृतीला तिच्या काळाची वाचनपद्धती लावावी, एवढाच त्याचा अर्थ. वर्गात आम्ही हे वर्षानुवर्षे सांगत आलो. घरात मात्र ते आईच्या एका वाक्याने शिकलो.

राहता राहिली तिची जुनी तक्रार. संवादाला स्वतःचा मधला ध्वनिवर्धक मिळाल्यावर तेवढाच ३-४ डेसिबलनी वर करता येतो, आणि रात्रीसाठी म्हणून दिलेली मोठ्या व लहान आवाजांतले अंतर कमी करण्याची सोय लावली की गाणी अंगावर धावून येत नाहीत. ही दोन्ही कामे करायला यंत्र महागडे असावे लागत नाही; घरात कोण कुठे बसते हे ठाऊक असावे लागते. खोलीच्या मोजमापासाठी रिसिव्हरबरोबर एक लहानसा मायक्रोफोन मिळतो. तो निरनिराळ्या जागी ठेवून यंत्राला खोली ऐकवायची असते. आम्ही तो पहिल्या खेपेस मधल्या खुर्चीवर ठेवला होता. दुसऱ्या खेपेस आरंभ डाव्या भिंतीपासून केला.

सिनेमासाठी की गाण्यांसाठी, हा प्रश्न दुकानदाराने चुकीचा विचारला असे आम्ही म्हणणार नाही. पण त्याने आणखी एक विचारायला हवा होता, आणि तो आधी विचारायला हवा होता : तुमच्या घरी ऐकणारी माणसे किती, आणि ती कुठे बसतात?